ट्रॅकवरच्या गाडीत कॅमेरा: आधी पाया, मग कळस

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की चर्चा सुरू होते ती ४के की ५.३के, या कंपनीचा की त्या, इथून. मग पहिल्या ट्रॅक डेचं (आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस) चित्रण बघायला बसावं तर काचेबाहेर नुसता पांढरा झोत, स्टिअरिंग जेलीसारखं लिबलिबतंय आणि तेराव्या मिनिटाला चित्रण बंद. यातल्या एकाही दोषावर जास्त रिझोल्यूशन हा इलाज नाही. पहिला उजेड मोजण्याच्या पद्धतीचा, दुसरा माउंटचा आणि तिसरा उष्णतेचा.

म्हणून क्रम उलटा लावा. व्हिडिओत काय बघायचंय ते आधी ठरवा. त्यावरून जागा ठरते, जागेवरून माउंट, माउंटवरून वजन आणि वायरिंग. एवढं कागदावर आलं की दुकानातल्या दहा कॅमेऱ्यांपैकी आठ आपोआप बाद होतात.

चौकटीत काय हवं

मित्रांना दाखवायचा व्हिडिओ आणि स्वतःचं ड्रायव्हिंग सुधारण्यासाठी बघायचा व्हिडिओ, हे दोन वेगळे प्रकार आहेत. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. त्यासाठी एकाच चौकटीत दोन गोष्टी हव्यातच: स्टिअरिंगवरचे दोन्ही हात आणि एपेक्सपासून (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वात जवळ जाते तो बिंदू) वळणाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचा रस्ता. टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा) दिसला तर उत्तमच, पण त्याच्यासाठी पहिल्या दोन गोष्टींची तडजोड करू नका.

काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्यात फक्त रस्ता दिसतो. एपेक्स मीटरभर हुकला हे कळतं, पण का हुकला ते कळत नाही. हात दिसले की कळतं: चाक लवकर वळवायला घेतलं होतं, किंवा वळणाच्या मध्यावर दोनदा दुरुस्ती केली, किंवा गिअरसाठी सुटलेला हात परत यायला वेळ लागला. स्टिअरिंगच्या बरोबर वरच्या मध्यबिंदूवर दोनेक सेंटिमीटर रुंदीची पिवळी किंवा पांढरी टेप गुंडाळा. चाक किती अंशात वळलंय ते मग छोट्या पडद्यावरही वाचता येतं. इतक्या स्वस्तात एवढा फायदा देणारी दुसरी वस्तू या लेखात नाही.

पायांवर दुसरा कॅमेरा लावायचा विचार असेल तर तो दुसऱ्या हंगामासाठी ठेवा. हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि थ्रॉटल सांभाळणं) शिकताना त्याचा उपयोग खरा, पण पेडलपाशी अंधार असतो, तिथे छोटा एलईडी लावावा लागतो, आणि तिथून सुटलेली कुठलीही वस्तू ब्रेक पेडलखाली जाऊ शकते.

जागा

सर्वात चांगली जागा म्हणजे दोन पुढच्या सीटच्या मधोमध, किंचित मागे, लेन्स चालकाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. रोल बार (गाडी उलटली तर छत सावरणारी नळी) किंवा हार्नेस बार (रेसिंगचे सीटबेल्ट, म्हणजे हार्नेस, अडकवायची नळी) असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दोन्ही हेडरेस्टच्या दांड्यांना जोडणारा आडवा बार मिळतो. हेडरेस्टच्या दांड्या साधारण १० ते १४ मिमी जाडीच्या असतात, रोल बारची नळी ३८ ते ५० मिमीच्या आसपास. क्लॅम्प घेण्याआधी कॅलिपरने मोजा, आणि नळीवर पॅडिंग असेल तर क्लॅम्पच्या जागेपुरतं ते काढता येतं का हेही बघा. पॅडिंगवरून घट्ट केलेला क्लॅम्प अर्ध्या तासात फिरतो.

लेन्स फार वर गेली तर आतला आरसा नेमका पुढच्या वळणावर येतो. फार खाली गेली तर अर्धी चौकट डॅशबोर्डच व्यापतो. कॅमेरा तात्पुरता धरून, पूर्ण वेशात, हेल्मेट आणि हार्नेससकट सीटवर बसा आणि तीन गोष्टी तपासा: सर्व गिअर टाकताना कोपर लागतं का, मान वळवताना हेल्मेट जवळ येतं का, शेजारी प्रशिक्षक बसला तर त्याचं डोकं चौकटीत येतं का. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते, आणि प्रशिक्षक सोबत असलेलीच सत्रं पुन्हा बघायची असतात.

काही जागा सरळ वर्ज्य समजा. हेल्मेटवर कॅमेरा नको: त्याचं कवच घसरून जाण्यासाठी गुळगुळीत केलेलं असतं, चिकटवलेला उंचवटा अडकला की मान पिरगळते, आणि अनेक आयोजक तपासणीतच तो काढायला लावतात. एअरबॅग उघडण्याच्या वाटेत नको. डॅशबोर्डवरची प्रवाशाची एअरबॅग सर्वांच्या लक्षात असते, पण छताच्या कडेने आणि छत पेलणाऱ्या खांबांच्या आतून सुटणारी पडदा-एअरबॅग विसरली जाते. चालकाच्या नजरेच्या वाटेतही काही नको. आणि रोल केजला (अशा नळ्यांच्या सांगाड्याला) भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. दोन्हींमुळे नळी कमजोर होते आणि केजची मान्यताही जाऊ शकते.

माउंट

खर्चाचा मोठा वाटा इथे घाला. वळणातला जोर बघितला तर काम सोपं वाटतं. कॅमेरा, खोका आणि आर्म मिळून ३०० ग्रॅम असले तर १.३ जी च्या (१ जी म्हणजे स्वतःच्या वजनाइतका जोर) वळणात क्लॅम्पवर जेमतेम ४०० ग्रॅमचा भार येतो. पण माउंटचं गणित धडकेसाठी करायचं. ४० जी च्या धक्क्यात तेच ३०० ग्रॅम १२ किलोसारखे ओढतात, आणि सुटले तर ज्या वेगाने गाडी जात होती त्याच वेगाने पुढे जातात. त्या वाटेत कोणाचं तरी डोकं असतं.

पसंतीचा क्रम असा: धातूचा नळी-क्लॅम्प आणि बोल्ट, त्याखालोखाल गाडीच्या मूळ बोल्टच्या जागेचा आधार घेतलेली पट्टी, मग औद्योगिक दुहेरी चिकटपट्टी, सर्वात शेवटी सक्शन कप. प्लास्टिकचे क्लॅम्प आणि तीन-चार सांध्यांचे आर्म विसरा. प्रत्येक सांधा म्हणजे एक स्प्रिंग. आर्म जितका लांब तितकी थरथर जास्त, त्यामुळे लेन्स नळीपासून ५ ते ८ सेंटिमीटरच्या आत राहील असं बघा. क्लॅम्पच्या आत पातळ रबराची पट्टी चालते, कारण ती घसरू देत नाही. जाड मऊ रबर मात्र कॅमेऱ्याला झोके देतं.

सक्शन कपशिवाय गत्यंतर नसेल तर तो फक्त काचेवर लावा. खडबडीत प्लास्टिकवर हवा आत जात राहते. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कपाची कड पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या, काच गार असताना लावा आणि प्रत्येक सत्राआधी पुन्हा दाबून बसवा. उन्हात आत अडकलेली हवा प्रसरण पावते आणि सकाळी घट्ट बसलेला कप दुपारी हातात येतो. चिकटपट्टीला वेळ लागतो: अॅक्रिलिक फोमची पट्टी खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी पकड घेते, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि पूर्ण पकड ७२ तासांनी. ट्रॅकच्या आवारात चिकटवून लगेच बाहेर पडणं म्हणजे निम्म्या ताकदीवर भरवसा टाकणं.

माउंट कसलाही असो, सुरक्षा तार वेगळी हवी. स्टीलची प्लास्टिक-आवरणाची बारीक तार, एक टोक कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला (कॅमेरा ज्यात बसतो त्या चौकटीला), दुसरं गाडीच्या पक्क्या भागाला. माउंटलाच बांधली तर ती फक्त शोभेची, कारण माउंट सुटला की तारही सोबत जाते. लांबी इतकीच ठेवा की कॅमेरा सुटला तरी चालकाच्या डोक्यापर्यंत किंवा पेडलपर्यंत पोचणार नाही. बऱ्याच आयोजकांना यांत्रिक पद्धतीने, म्हणजे बोल्टने घट्ट केलेला माउंट आणि तार या दोन्ही गोष्टी लागतात, आणि तांत्रिक तपासणीच्या वेळी कॅमेरा जागेवर असावा लागतो. नियमपत्रिका आधी मागवून घ्या. चित्रणाला परवानगी लागते का आणि व्हिडिओ प्रसिद्ध करता येतो का, हेही त्यातच असतं.

जेली आणि तिचा इलाज

बहुतेक सर्व कॅमेऱ्यांचा सेन्सर चौकट एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. चार सिलिंडरचं इनलाइन इंजिन ६,००० आरपीएमवर सेकंदाला १०० फेरे घेतं, आणि त्याची मुख्य थरथर फेऱ्याच्या दुप्पट, म्हणजे २०० हर्ट्झला असते. सेन्सर वाचायला १६ मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात तीन लाटा येऊन जातात, आणि सरळ खांब नागमोडी दिसतो. म्हणूनच हा दोष सर्व आरपीएमला सारखा नसतो. एखाद्या ठरावीक आरपीएमला माउंटची स्वतःची लय जुळते आणि तिथेच चित्र लिबलिबतं.

आर्म छोटा करा, सांधे कमी करा, कॅमेरा पिंजऱ्यात आणखी एका बिंदूला टेकवा. दोष तरी उरला तर कॅमेऱ्याला ५० ते १०० ग्रॅमची धातूची पट्टी बोल्टने जोडून बघा. वजन वाढलं की लय खाली सरकते आणि कामाच्या आरपीएमच्या बाहेर जाते. मात्र वाढीव वजन धडकेच्या गणितात धरा. सेन्सर जितका पटकन वाचतो तितकी जेली कमी, त्यामुळे त्याच कॅमेऱ्यात १०८०पीला किंवा जास्त फ्रेम रेटला अनेकदा ४के पेक्षा स्वच्छ चित्र मिळतं.

आता स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्रातलं हलणं आपोआप काढण्याची सोय. हातात धरलेल्या कॅमेऱ्यात ते वरदान असतं, गाडीच्या आत मात्र गोंधळ घालतं. कॅमेऱ्यातला जायरो (फिरणं मोजणारा सेन्सर) गाडीचं वळणं म्हणजे हाताचं हलणं समजतो आणि बाहेरचं जग स्थिर ठेवायला बघतो. परिणामी रस्ता शांत आणि डॅशबोर्ड, हात, खांब झोके घेताहेत असं दिसतं. शिवाय ब्रेक लावताना गाडीचं नाक किती खाली गेलं, वळणात ती किती कलली, ही माहितीच पुसली जाते. तीच तर बघायची होती. म्हणून गाडीचा आतला भाग चौकटीत असेल तर स्टॅबिलायझेशन आणि क्षितिज सरळ ठेवणारी सोय, दोन्ही बंद. विकत घेण्याआधी ती पूर्ण बंद करता येतात याची खात्री करा, कारण काही कॅमेऱ्यांत काही मोडना ते चिकटलेलंच असतं.

उजेड

चांगल्या आणि वाईट इन-कार व्हिडिओत सर्वात मोठा फरक इथे पडतो, आणि जाहिरातीत याचा उल्लेख क्वचितच असतो. गाडीच्या आत सावली, बाहेर भर ऊन. कॅमेरा पूर्ण चौकटीची सरासरी काढतो. चौकटीत काळा डॅशबोर्ड आणि काळी सीट जास्त असल्याने त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि रस्ता जळून पांढरा होतो.

रस्ता वाचता यायला हवा. हात थोडे काळपट दिसले तरी चालतात. त्यानुसार:

१. स्पॉट किंवा मध्यकेंद्री मीटरिंग (पूर्ण चौकटीऐवजी एका बिंदूचा किंवा मधल्या भागाचा उजेड मोजणं) असेल तर ते निवडा, आणि मोजणीचा बिंदू पुढच्या काचेतून दिसणाऱ्या डांबरावर ठेवा, आकाशावर नव्हे.

२. ते नसेल तर एक्स्पोजर भरपाई (चित्र मुद्दाम उजळ किंवा काळपट करण्याची सोय) उणे ०.५ पासून उणे १.० पर्यंत उतरवून बघा. काळं इंटिरिअर असलेल्या गाडीला उणे १.० लागू शकतं.

३. एक्स्पोजर लॉक शक्यतो वापरू नका. सकाळी लॉक केलेलं दुपारच्या उन्हात किंवा ढग आल्यावर चुकतं. मात्र झाडांच्या सावल्या आणि पुलाखालचे भाग असलेल्या ट्रॅकवर चित्र सारखं उजळ-काळं होत असेल तर लॉक बरा.

४. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. दिवसा ५,५०० केल्विन ठेवलं की प्रत्येक लॅपचा रंग सारखा येतो आणि लॅप शेजारी-शेजारी ठेवून तुलना करता येते.

५. आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) वरची मर्यादा दिवसा ४०० ते ८०० ठेवा. ढगाळ दिवशी वाढवा.

काचेतलं डॅशबोर्डचं प्रतिबिंब ही दुसरी डोकेदुखी. डॅशवर मॅट काळं कापड अंथरा, पण कडांना चिकटवून. सैल कापड पहिल्याच जोरदार ब्रेकला पायाशी येतं. पोलरायझर फिल्टरने प्रतिबिंब कमी होतं, पण बाजूच्या आणि मागच्या टेम्पर्ड काचांवर ठिपक्यांची नक्षी उमटते आणि उजेडही दीड-दोन स्टॉप घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सिनेमासारखी धूसर गती हवी म्हणून लोक एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावतात. अभ्यासाच्या व्हिडिओत त्याचं काम नाही. थांबवलेली फ्रेम स्वच्छ हवी. आणि काच आतून पुसा. बाहेरून चकाचक असलेल्या गाडीच्या काचेवर आतून तेलकट थर असतो, तो सूर्य समोर आला की कळतो.

फ्रेम रेट, रिझोल्यूशन, लेन्स

ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर दोन फ्रेमच्या मध्ये गाडी १.६७ मीटर पुढे जाते, ६० फ्रेममध्ये ०.८३ मीटर. ब्रेक कुठल्या पाटीपाशी लागला हे शोधताना हा फरक जाणवतो. १०८०पी आणि ६० फ्रेम हा पाया धरा. नंतर चौकट कापून हातांवर झूम करायचं असेल तर २.७के किंवा ४के उपयोगी, पण त्याबरोबर उष्णता आणि फाइलचा आकार वाढतो हे लक्षात घेऊनच.

लेन्स फार रुंद नको. १५० अंशांच्या लेन्समध्ये वळण खेळण्यातल्यासारखं लांब आणि लहान दिसतं, कडेचे खांब वाकतात, आणि वेग उगाच जास्त भासतो. सीटच्या मागून चित्रण करायला आडवे ९० ते ११० अंश पुरतात. काचेजवळ, हातांच्या पुढे कॅमेरा असेल तर ७० ते ९०. ‘लिनिअर’ नावाचा मोड असतो तो वाकडेपणा काढतो, पण कडा थोड्या कापतो. त्यासाठी कॅमेरा आणखी तीन-चार सेंटिमीटर मागे घ्यावा लागेल, ही जागा आधीच धरून ठेवा.

कार्ड

बिटरेट (सेकंदाला साठणारा डेटा) ६० मेगाबिट असेल तर सेकंदाला ७.५ मेगाबाइट, म्हणजे २० मिनिटांच्या सत्राला ९ जीबी. १०० मेगाबिटला १५ जीबी. दिवसाला सहा सत्रं धरली तर ५४ किंवा ९० जीबी. १२८ जीबीचं एक कार्ड पुरतं. त्याऐवजी ६४ जीबीची दोन घेतली तर एक बिघडलं तरी अर्धा दिवस वाचतो.

कार्डावर व्ही३० किंवा यू३ ही खूण बघा: दोन्हींचा अर्थ सलग लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला ३० मेगाबाइट. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला १७० किंवा २०० हा आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो, चित्रणाला त्याचा उपयोग नाही. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे नवं कार्ड आल्यावर ते पूर्ण भरेपर्यंत घरीच एकदा चित्रण करा आणि शेवटची फाइल उघडून बघा. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करा. लांब सत्र ४ जीबीच्या तुकड्यांत आलं तर घाबरू नका, अनेक कॅमेरे तसंच साठवतात. एडिटरमध्ये ते एकामागे एक ठेवले की झालं.

वीज आणि उष्णता

अॅक्शन कॅमेऱ्याच्या (गोप्रोसारख्या छोट्या, दणकट कॅमेऱ्याच्या) बॅटरीवर जेमतेम तास-सव्वा तास निघतो, गरम हवेत त्याहून कमी. सत्रं २० मिनिटांची असतील तर दोन-तीन बॅटऱ्या आणि बाहेरचा चार्जर हा सर्वात निर्धोक मार्ग. वायर नाही म्हणजे सैल होणारं काही नाही.

बाहेरून वीज द्यायचीच असेल तर १२ व्होल्टच्या सॉकेटमधला यूएसबी अडॅप्टर कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) जाताना उसळून सुटतो. सॉकेटच्या मागून फ्यूज घालून ५ व्होल्टचा पक्का कन्व्हर्टर बसवा. स्टार्टर फिरवताना व्होल्टेज ९-१० पर्यंत पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून इंजिन सुरू झाल्यावरच चित्रण सुरू करा. पॉवर बँक चालते: १०,००० एमएएचची बँक ५ वॉट खाणाऱ्या कॅमेऱ्याला पाच-सहा तास पुरते. पण ती कॅमेऱ्याहून जड असते, तेव्हा ती पिशवीत किंवा कप्प्यात टाकू नका, पट्ट्याने आवळा. कॅमेऱ्याच्या पोर्टपाशी केबलला एक सैल वळसा द्या आणि पिंजऱ्याला बांधा. पोर्ट तुटतं ते केबलच्या ओढीने.

उष्णतेचं मूळ बहुधा गाडी उभी असतानाच असतं. बंद गाडीत उन्हात ६० अंशांच्या वर तापमान जातं, आणि तसा भाजलेला कॅमेरा ट्रॅकवर दहा मिनिटांत स्वतःला बंद करतो. दोन सत्रांच्या मध्ये कॅमेरा काढून सावलीत ठेवा. जलरोधक खोका गाडीत वापरू नका, तो गरम हवा कोंडतो. ४के ६० वरून १०८०पी ६० वर आलं तरी मोठा फरक पडतो. वायफाय आणि मागचा पडदा चित्रणात बंद ठेवा. बाहेरची वीज असेल आणि कॅमेरा बॅटरीविना चालत असेल तर बॅटरी काढून टाका; लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तसंही वाईट.

आवाज

आवाज म्हणजे सजावट नव्हे. थ्रॉटल कधी सुटला, डाउनशिफ्टला (खालचा गिअर टाकताना) आरपीएम जुळले का, टायर कुठल्या वळणात ओरडले, हे डोळ्यांआधी कानाला कळतं. १९७९ साली बाथर्स्टच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या चॅनल सेव्हनने पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात रेसकॅम (गाडीतून थेट प्रक्षेपण करणारा कॅमेरा) बसवला, तेव्हा प्रेक्षकांना चित्रासोबत चालकाचं बोलणंही थेट ऐकू आलं होतं. आवाजाचं मोल तेव्हापासून सिद्ध आहे.

खिडक्या उघड्या ठेवण्याचा नियम असेल तर कॅमेऱ्याच्या माइकवर फक्त वारा येतो. बाहेरच्या माइकची सोय असलेला कॅमेरा घ्या, साधा कॉलर माइक फोमच्या टोपीसकट सीटमागे, वाऱ्याच्या आडोशाला चिकटवा. आवाजाची पातळी हाताने कमी ठेवता आली तर बघा. ऑटोवर मोठा आवाज आल्याबरोबर पातळी दबते आणि नेमका टायरचा आवाज हरवतो.

जीपीएस आणि आकडे

वेग, लॅपची वेळ आणि नकाशा व्हिडिओवर हवा असेल तर जीपीएस किती वेळा नोंद घेतं ते बघा. फोनचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदा नोंदतं. ताशी १८० च्या वेगात दोन नोंदींमध्ये ५० मीटर निघून गेलेले असतात. १० हर्ट्झला हे अंतर ५ मीटर, २५ हर्ट्झला २ मीटर. शिकण्यासाठी १० हर्ट्झ पुरे.

गोप्रोच्या हिरो १२ मध्ये जीपीएस नव्हतं, हिरो १३ मध्ये ते परत आलं, तेव्हा जुनं-नवं मॉडेल घेताना हे तपासा. पण कॅमेऱ्यातल्या जीपीएसवर अडून राहू नका. रेसबॉक्स मिनीसारखा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर आणि फोनवर रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटाइमर हे लॅपची वेळ मोजणारं अॅप, ही जोडी जास्त लवचीक आहे. रिसीव्हर डॅशवर, आकाश दिसेल असा ठेवा. धातूच्या छताखाली सीटमागे ठेवला तर रेषा ट्रॅकबाहेर भटकते.

आकडे आणि चित्र वेगवेगळ्या यंत्रांतून आले की जुळवणी आपल्यावर येते. अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे ताशी १८० ला २५ मीटर, आणि मग ब्रेकिंग पॉइंटबद्दलचा प्रत्येक निष्कर्ष चुकतो. जुळवणीसाठी पिटमधून बाहेर पडताना एकदा पूर्ण थांबा आणि झटक्यात निघा. चित्रात गाडी हललेली फ्रेम आणि आलेखात वेग शून्यावरून उठलेला क्षण एकमेकांवर बसवा. मग सत्राच्या शेवटी पुन्हा तपासा.

कुठल्या जातीचा कॅमेरा

इथवर आल्यावर निवड फारशी अवघड राहत नाही.

बहुतेकांसाठी अॅक्शन कॅमेरा. एक-दोन पिढ्या जुना असला तरी हरकत नाही, फक्त मीटरिंग किंवा एक्स्पोजर भरपाई, स्टॅबिलायझेशन बंद करण्याची सोय आणि बॅटरी बदलता येणं या तीन गोष्टी हव्यात.

३६० अंशांचा कॅमेरा मोहात पाडतो: आधी टिपा, कोन नंतर निवडा. हिशोब मात्र करा. ५.७के म्हणजे ५,७६० पिक्सेल ३६० अंशांत वाटले, अंशाला १६. ९० अंशांची खिडकी कापली की हाती १,४४० पिक्सेल. ८के ला १,९२०, म्हणजे जेमतेम फुल एचडी. हात, रस्ता आणि पाठीमागची गाडी एकाच यंत्रात हवी असेल तर तो घ्या. दोन लेन्सच्या जोडाची रेष चालकावर येऊ देऊ नका.

डॅशकॅम उष्णतेला चिवट असतो, पण त्याचा जी-सेन्सर प्रत्येक कर्बला अपघात समजतो आणि फाइल कुलूपबंद करतो. कुलूपबंद फाइल पुसली जात नाही, कार्ड भरतं, आणि दुपारचं सत्र रेकॉर्डच होत नाही. वापरायचाच असेल तर जी-सेन्सर बंद करा.

फोन शेवटचा पर्याय. तो तापतो, फोन आला की चित्रण थांबू शकतं, आणि अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोटरसायकलच्या जोरकस इंजिनासारख्या थरथरीने आयफोनच्या लेन्समधली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते.

एआयएमचा स्मार्टीकॅम किंवा रेसलॉजिकचा व्हिडिओ व्हीबॉक्स ही रेसिंगसाठीच बनवलेली यंत्रं. गाडी वेगात आली की आपोआप सुरू होतात, गाडीच्या कॅन बसमधून (गाडीतल्या यंत्रणांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरिंगमधून) थ्रॉटल आणि ब्रेकचे आकडे घेतात, जुळवणीचा व्याप संपवतात. महाग आहेत. वर्षाला दोन ट्रॅक डे करणाऱ्याने तो पैसा टायरवर घालावा. दर महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्याला आणि शर्यतीत उतरणाऱ्याला मात्र ती परवडतात, कारण त्यात ‘बटण दाबायचं राहिलं’ हा प्रकारच नाही.

ट्रॅकआधीची तालीम

आदल्या आठवड्यात, गाडी उभी असताना:

१. कॅमेरा अंतिम जागी बसवा. हाताने चारही दिशांना ढकला. क्लॅम्प नव्हे, गाडीच हलली पाहिजे.

२. न्यूट्रलमध्ये निष्क्रिय गती (आयडल), ३,००० आणि ४,५०० आरपीएमला प्रत्येकी २० सेकंद चित्रण करा. खांबाची कड सरळ दिसते का बघा.

३. भर दुपारी, सूर्य समोर आणि सूर्य मागे, असं दोनदा एक्स्पोजर तपासा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नव्हे, संगणकावर.

४. सलग ३० मिनिटं चित्रण करा, खिडक्या बंद. तापून बंद पडायचा असेल तर आताच पडू दे.

५. बोल्टवर मार्करने रेघ ओढा, अर्धी बोल्टवर, अर्धी क्लॅम्पवर. ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर रेघ जुळते का बघितलं की पाना लावायची गरज पडत नाही.

६. कॅमेरा, फोन आणि लॉगर (आकडे नोंदणारं यंत्र) तिन्हींची घड्याळं मिनिटाला जुळवा.

ट्रॅकवर रेकॉर्डचं बटण हार्नेस आवळण्याआधी दाबायचं, नंतर हात पोचत नाही. लाल दिवा आरशात दिसेल असा कोन ठेवा. सत्र संपल्यावर कॅमेरा हातात घेऊन शेवटची पाच सेकंदं चालवून बघा: फाइल उघडते, रस्ता दिसतो, आवाज आहे. मग त्याच कॅमेऱ्यासमोर टायरचा गरम दाब आणि गाडीत केलेले बदल बोलून ठेवा. संध्याकाळी फाइलींना तारीख आणि सत्राचा क्रमांक देऊन दोन ठिकाणी उतरवून घ्या, दुसरी प्रत उघडते हे बघा, आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा.